फाटकाबाहेरचा निकाल

त्सेतिन्ये नावाच्या डोंगरातल्या गावात कुणाच्याही घरी गेलात तरी बैठकीच्या भिंतीवर एक पिस्तूल टांगलेलं असतं आणि ते अस्सल असतं. म्हणजे घरच्यांच्या मते असतं. व्हिएन्नात घडवलेलं, चांगलं हातभर लांब, हाडाच्या मुठीचं. सगळे त्याला गॅसर म्हणतात. आजोबा नाहीतर पणजोबा ते कमरेच्या शेल्यात खोचून तुर्कांवर चालून गेलेले असतात आणि तुर्क पळालेले असतात. पाहुण्यानं आत आल्यावर मान वर करायची, जरा थांबायचं, "काय लोखंड आहे" असं म्हणायचं आणि मगच बसायचं. जो हे विसरतो त्याच्यापुढे कॉफी येते, पण गार.

अशा गावात यागोश वुलेतिच जुन्या पिस्तुलांची पारख करायचा. लग्नघरात बसून नवरीचं वय मोजण्यासारखंच काम हे. तरी त्यानं ते उभा जन्म केलं आणि एकदाही मार खाल्ला नाही.

तरुणपणी तो फ्रिजच्या कारखान्यात दारांना बिजागऱ्या बसवायचा. कारखाना बंद पडला, बिजागऱ्या संपल्या, हात रिकामे राहिले. कुणाच्या पिस्तुलाचा घोडा अडकला, कुणाची चक्री फिरेना, की लोक यागोशला हाक मारायचे. उघडता उघडता, पुसता पुसता त्याला ती वाचता यायला लागली. व्हिएन्नाच्या मालावर दोन डोक्यांच्या गरुडाचा शिक्का असतो. पण त्याच काळात बेल्जियममधून हुबेहूब नकला पेट्या भरभरून आल्या होत्या. त्यांच्यावर वेगळा, अंड्याच्या आकाराचा शिक्का, आणि तोही बहुतेकदा मुठीखाली दडलेला. पुढे काही लबाडांनी बेल्जियमच्या अंगावरच गरुड ठोकून दिले.

"गरुडाकडे बघू नका," यागोश सांगायचा, "गरुडाच्या शेजारी बघा. बाकी सगळं झिजून गुळगुळीत झालंय आणि गरुडाची पिसं मात्र काल फुटल्यासारखी दिसतायत, तर तो गरुड कालच येऊन बसलाय." शेल्यात खोचलेलं पिस्तूल एकाच अंगानं झिजतं. चहात उकळून म्हातारं केलेलं हाड सगळीकडे सारखंच पिवळं दिसतं. तळहातानं म्हातारं झालेलं तसं दिसत नाही. नळीवरचा, चक्रीवरचा आणि मुठीखालचा आकडा एक हवा. आणि सगळं बघून झाल्यावर तो लोखंडाचा वास घ्यायचा. नाक मोठं होतं, त्याचा काही उपयोग करावा म्हणून घेत असेल, असं त्याची बायको विदोसावा म्हणायची.

पण त्याचं खरं कसब नाकात नव्हतं, फाटकात होतं. कुणी बाहेरगावचा हौशी माणूस पिस्तूल विकत घ्यायला आला की तो यागोशला बरोबर न्यायचा. घरात बसून यागोश ते उलटसुलट करायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "लोखंड चांगलं आहे." पिस्तूल मागच्या आठवड्यात जन्मलेलं असलं तरी हेच. मग गिऱ्हाईक "जरा गाडीतून चष्मा आणतो" म्हणून उठायचं, यागोश त्याला सोडायला फाटकापर्यंत जायचा, घराकडे पाठ करायचा, आणि तिथे खरं काय ते सांगायचा. गिऱ्हाईक परत आत आलं तर सौदा झाला. गाडी सुरू झाली तर घरमालक शेजाऱ्यांना सांगायचा, "किंमत जमली नाही." शेजारी म्हणायचे, "किंमतच जमली नसणार." फाटकात काय होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि ते आपल्याला ठाऊक नाही हे दाखवण्यात अख्खं गाव तरबेज होतं. कुणाच्याही आजोबाला आजवर ओरखडा उठला नव्हता.

उठला तो गाव्रोच्या.

गाव्रो म्हणजे यागोशचा कूम. गाव्रोच्या लग्नात यागोश साक्षीदार म्हणून त्याच्या शेजारी मुकुट धरून उभा राहिला होता, आणि त्या दिवसापासून दोघंही एकमेकांना नावानं नाही, कूम म्हणूनच हाक मारायचे. भावाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं, कूमाशी नाही. गाव्रो वनखात्यातून निवृत्त झालेला, उंच, कमी बोलणारा. त्याची बायको स्तानिया त्याच्या वाट्याचंही बोलायची. तिचे गुडघे गेले होते आणि न्हाणीघर होतं वरच्या मजल्यावर. ती जिना चढायची तो हात टेकत, लहान मूल चढतं तसा, आणि वर पोचली की ओरडायची, "चढला किल्ला." हसायची, पण अलीकडे वर पोचल्यावर बराच वेळ आवाज यायचा नाही.

"मुली दोघी परगावी," गाव्रो एक दिवस यागोशला म्हणाला. "त्यांना हे भिंतीवरचं लोखंड नको. लुब्लियानाहून डोळ्यांचा एक डॉक्टर येतोय, हाफ्नर नावाचा. मिलुतिनचं पिस्तूल बघायला."

मिलुतिन त्याचा आजोबा.

"विकणार?"

"आजोबानं तुर्कांना पळवलं. आता नातसुनेसाठी खाली एक न्हाणीघर बांधून देऊ दे म्हटलं." गाव्रोनं टोपी काढून पुन्हा घातली. "तू ये पण. परका माणूस घरातलं हत्यार उचलतो तेव्हा कूम शेजारी असला की लाज कमी वाटते."

हाफ्नर आला तो पावसात, मोठी छत्री घेऊन, बूट दाराबाहेर काढून. स्तानियानं त्याला मोजे कोरडे आहेत का विचारलं, मग पर्शूट म्हणजे धुरी दिलेल्या मांसाचे काप, चीज आणि द्राक्षाच्या कडक दारूचे, लोझाचे, पेले आणले. डॉक्टरनं मान वर केली, थांबला, "काय लोखंड आहे" म्हणाला. कुणीतरी शिकवून पाठवला होता. पिस्तूल खाली आलं. त्यानं स्वतः भिंग लावून बरंच बघितलं, माणूस अडाणी नव्हता, आणि मग ते यागोशकडे सरकवलं.

"कूम, आधी खाऊन घे," स्तानिया म्हणाली. "ते काही पळून जात नाही. या घरात पळू शकेल असं काही उरलेलं नाही."

आता इथे एक सांगायला हवं. यागोशनं गावातली निम्मी पिस्तुलं उघडली होती, पण मिलुतिनचं कधीच नाही. कूमाचं हत्यार कूम उघडत नाही. तसं त्याला उघडायची गरजही वाटली नव्हती. यागोशचा आजोबा पेको आणि हा मिलुतिन एकाच तुकडीत होते. पेको मरेपर्यंत सांगायचा की त्याचं स्वतःचं गॅसर त्याला सरदारानं डोंगर काबीज केल्यावर हातात दिलं, आणि मिलुतिननं आपलं श्कोदरच्या बाजारात एक बकरी देऊन घेतलं. मिलुतिन हे ऐकून काहीच बोलायचा नाही, आणि न बोलणाऱ्याची बाजू गाव धरत नाही.

यागोश तिशीत असताना, हातात नवी नवी विद्या आलेली असताना, त्यानं एकदा घरी कुणी नाही असं बघून पेकोच्या पिस्तुलाची मूठ काढली होती. खाली अंड्याच्या आकाराचा शिक्का होता. स्पष्ट, सुबक, बेल्जियमचा. त्यानं मूठ परत बसवली, स्क्रू असा आवळला की पुन्हा कुणाला फिरू नये, आणि हे बायकोलाही सांगितलं नाही. त्यानंतर दरवर्षी घरच्या संताच्या सणाला पाहुणे येत, माना वर करत, "काय लोखंड आहे" म्हणत आणि यागोश पेले भरत राहायचा. त्याचं मन एका गोष्टीवर टिकून होतं: आपलं बेल्जियमचं, पण मिलुतिनचंही तसंच असणार. बकरीचंच.

त्यानं मिलुतिनच्या पिस्तुलाची मूठ काढली.

नळीवरचा, चक्रीवरचा, आतला, तिन्ही आकडे एक. डावं अंग शेल्यानं घासून आरशासारखं झालेलं. गरुड त्याच्याबरोबरच झिजला होता. दोन्ही माना बारीक होऊन कोंबड्यांसारख्या दिसत होत्या. बाजारात असलं पिस्तूल बकरीला काय, कळपालाही मिळालं नसतं. यागोशनं सवयीनं ते नाकाशी नेलं. मग मूठ परत बसवली, स्क्रू आवळला.

"लोखंड चांगलं आहे," तो म्हणाला.

गाव्रो त्याच्याकडे बघून हसला. या खेपेला कूम मनापासून बोलतोय, हे आवाजावरूनच कळतं असं त्याला वाटलं.

डॉक्टर चष्म्यासाठी उठला. यागोश बरोबर गेला. दारापासून फाटकापर्यंत जेवढं अंतर होतं तेवढ्या वेळात खरं तेच सांगायचं त्याच्या मनात होतं. हे त्यानं नंतर शपथेवर सांगितलं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण फाटकाशी आल्यावर त्याच्या तोंडातून वेगळंच निघालं.

"घेऊ नका. बेल्जियम आहे. गरुड मागाहून ठोकलाय."

"मला तर चांगलं वाटलं होतं," हाफ्नर म्हणाला.

"चांगलंच आहे. पण बेल्जियम."

बोलून झालं आणि लगेच कारणंही तयार झाली. हत्यार परमुलखातल्या काचेच्या कपाटात जाण्यापेक्षा गावात राहिलेलं बरं. न्हाणीघराचं दुसरं काहीतरी करता येईल. आता गाडी सुरू होईल, गाव्रो म्हणेल किंमत जमली नाही, सगळे म्हणतील जमली नसणार.

डॉक्टरनं आभार मानले, छत्री उघडली आणि तो घराकडे चालायला लागला.

"अहो, तिकडे कुठे?"

"सांगायला नको का त्यांना? एवढं खाऊ घातलं, कारण न देता निघून जाणं बरं दिसत नाही."

यागोश त्याच्या मागे धावला, पण चिखलातून धावणाऱ्या म्हाताऱ्याच्या आधी लांब पायांचा स्लोव्हेनियन पोचतो. पोचला तेव्हा हाफ्नर बैठकीच्या मधोमध उभा राहून, स्पष्ट, सभ्य आवाजात सांगत होता: "गाव्रो साहेब, मला माफ करा, मी घेऊ शकत नाही. यागोशजींच्या मते ही बेल्जियमची नक्कल आहे, शिक्का नंतरचा आहे. तुम्हाला हे माहीत नसणार. माहीत असायला हवं म्हणून सांगितलं."

गाव्रोनं दाराकडे बघितलं. यागोश उंबऱ्यात उभा होता, टोपीवरून पाणी गळत होतं. तोंड उघडायला तीच वेळ होती. त्यानं टोपी झटकली.

"कूम म्हणतो म्हणजे असणार," गाव्रो म्हणाला.

स्तानियानं कपबशा उचलायला सुरुवात केली. यागोशचा कप अर्धा भरलेला होता, तोही उचलला.

गावात बातमी पोचवायला बोझिना होता. तो पोस्टमन म्हणून निवृत्त झाला होता, पण वाटप सोडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कफानात, गावच्या दारू-कॉफीच्या अड्ड्यावर, सगळ्यांच्या तोंडी एकच: यागोशनं पिस्तूल खोटं ठरवलं, तेही घरात, तेही कूमाचं.

"म्हणजे ते किती खोटं असेल विचार करा," बोझिना म्हणाला. "आमच्या सासऱ्याचं पिस्तूल बघताना त्याच्या हाताला काळा रंग लागला होता. तरी हा म्हणाला, लोखंड चांगलं आहे."

ज्या गावात प्रत्येक हत्याराची स्तुती होते तिथे स्तुतीला वजन राहत नाही. वजन राहतं फक्त निंदेला. आणि यागोशनं आयुष्यात केलेली ती पहिलीच निंदा होती.

गाव्रो कफानात यायचा बंद झाला. भिंतीवरून पिस्तूल गेलं, पाठोपाठ मिलुतिनचा मिशाळ फोटोही गेला. बोझिनानं विचारलं तर गाव्रो म्हणाला म्हणे, "पेको खरं सांगत होता. बकरी दिली असेल. आम्ही उगाच त्याला खोटारडा समजत आलो." हे वाक्य बोझिनानं यागोशला कौतुक म्हणून आणून दिलं. यागोशनं त्या दिवशी जेवण टाकलं. विदोसावानं पोट बिघडलंय का विचारलं. तो हो म्हणाला.

आठवडा काढून तो गाव्रोकडे गेला. गाव्रो अंगणात लाकडं फोडत होता.

"कूम, ऐक. ते पिस्तूल खरं आहे. व्हिएन्नाचं. मी त्या डॉक्टरला चुकीचं सांगितलं."

गाव्रोनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "का सांगितलंस?"

इथे सगळं सांगून टाकता आलं असतं. पेकोची मूठ, शिक्का, मिलुतिनचा झिजलेला गरुड. यागोश म्हणाला, "घाईत चुकलो. उजेड कमी होता."

"तू चुकलास? उजेडामुळे?" गाव्रो पहिल्यांदाच थोडा हसला. "राहू दे कूम. तू भला माणूस आहेस, म्हणून आलास. पण आता मला पोरासारखं समजावू नकोस."

"अरे आकडे जुळतायत. आण, मी दाखवतो."

"आकडेही ठोकता येतात. तूच शिकवलंस मला."

घरातून ढप असा आवाज आला. दार उघडं होतं. स्तानिया जिन्याच्या मध्यावर, दोन्ही हात पायरीवर टेकून थांबली होती. तिनं वळून बघितलं.

"कूम, तू तिकडे लाकडांकडे बघ," ती म्हणाली. "बाईमाणूस असं चढताना बघू नये."

यागोशनं लाकडांकडे बघितलं.

मग त्यानं कफानात सांगून बघितलं, सगळ्यांसमोर. गाव्रोचं पिस्तूल अस्सल आहे, मीच खोटं बोललो. बोझिनानं उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा," तो इतरांना म्हणाला, "कूमचं नातं म्हणतात ते हे. गाव्रोची अब्रू राहावी म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय. यागोशला माझ्याकडून एक लोझा."

आणखी तिघांनी पाजली. यागोशला ती गिळवेना, पण नाही म्हणता येईना. घरी येताना दोघांनी त्याला वाटेत थांबवून हात मिळवला. चोरी कबूल करायला गेलेल्याच्या गळ्यात हार घालावा, तसं त्याचं झालं. जितकं कबूल करावं तितकं त्याचं नाव मोठं होत चाललं.

शेवटी त्यानं हाफ्नरला फोन केला. हाफ्नर नेहमीसारखाच सभ्य होता.

"मी समजू शकतो, यागोशजी. घरच्यांनी तुमच्यावर दबाव आणला असणार. माझी चूक झाली, मी आत जाऊन सांगायला नको होतं. तिकडच्या रीतीभाती मला नंतर कळल्या. पण तुम्ही फाटकाशी खरं सांगितलंत, त्याबद्दल मी कायमचा ऋणी आहे."

"अहो, फाटकाशीच खोटं सांगितलं मी."

"फाटकाशी तुम्ही खोटं बोलत नाही," हाफ्नर म्हणाला. "सगळे सांगतात."

उन्हाळा सरला आणि संत लूकाचा दिवस आला. तो यागोशच्या घरचा सण. या दिवशी बोलावणं द्यायचं नसतं. यायचं ते येतात, आणि कूम आला नाही तर दोन घरं संपली असं समजायचं. म्हणून गाव्रो आला. चांगला कोट घालून, स्तानियाला हाताला धरून. टेबलावर सणाची पोळी, मधाबरोबर खायच्या तळलेल्या प्रिगानित्सा, पर्शूट, कोबीत शिजवलेलं मटण. बोझिना आला होता, शेजारी आले होते. एकेक जण आत येताना मान वर करत होता.

"काय लोखंड आहे," बोझिना म्हणाला आणि खुर्चीत बसता बसता पुढे जोडलं, "हे बघा, हे म्हणजे निर्धास्त. पारख्याच्याच घरातलं." आणि गाव्रोकडे बघून त्यानं घाईघाईनं प्रिगानित्सा तोंडात टाकली, म्हणजे आपण काही मुद्दाम बोललो नाही असं दिसावं.

गाव्रो अजून उभाच होता. त्यानं टोपी काढली, मान वर केली, रीतीप्रमाणे थांबला. पेकोच्या पिस्तुलाकडे बघत तो हळू म्हणाला, "काय लोखंड आहे." त्यात कुठे टोमणा नव्हता. माणसानं मनापासून म्हटलं होतं.

यागोश पेले भरत होता. त्यानं बाटली खाली ठेवली, ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, खुर्चीवर चढला आणि पिस्तूल उतरवलं.

"यागोश, जेवणाच्या ताटांत ते ठेवू नकोस," विदोसावा म्हणाली.

त्यानं ठेवलं. स्क्रू इतका घट्ट आवळलेला होता की दोनदा हात सटकला, बोटातून रक्त आलं. मूठ निघाली. त्यानं पिस्तूल उलटं करून बोझिनापुढे धरलं, कारण बोझिनाला दाखवलं की गावाला दाखवलं.

"काय दिसतंय?"

"अंडं," बोझिना म्हणाला. "अंड्यासारखं काहीतरी."

"बेल्जियम. मी तिशीत होतो तेव्हापासून मला माहीत आहे. पेकोला कुठल्या सरदारानं काही दिलं नाही. श्कोदरला गेला, विकत घेतलं, आणि जन्मभर मिलुतिनला चिडवत राहिला." त्याचा आवाज फाटकाशी असतो तितकाच खाली होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "मिलुतिनचं व्हिएन्नाचं आहे. मी ते हातात घेतलं आणि मला सहन झालं नाही. आमचं खोटं होतं म्हणून मी त्यांचं खोटं ठरवलं. उजेड चांगला होता."

या वेळी कुणी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. कुणी "भला माणूस" म्हटलं नाही. स्वतःच्या आजोबाला, सणाच्या दिवशी, पोळीशेजारी ठेवून खोटारडा म्हणणारा माणूस खोटं बोलत असेल हे या गावात कुणाच्या डोक्यातही येत नाही. सगळ्यांचा विश्वास बसला, आणि म्हणूनच सगळ्यांना एकदम आपापल्या कोटांची आठवण झाली. बोझिना सर्वांत आधी गेला. त्याला पोचवायचं होतं.

विदोसावा उघड्या पिस्तुलाकडे बघत उभी होती. "दर शनिवारी मी ते तेल लावून पुसत आलेय," ती म्हणाली. "निदान मला सांगायचंस. तेल तरी वाचलं असतं." आणि ती आत गेली, ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

गाव्रो आणि स्तानिया बसून होते. गाव्रोनं कोट काढला नव्हता.

"म्हणजे बकरी तुमची होती," तो म्हणाला.

"आमचीच असणार."

"मी विचारलं होतं तुला. लाकडं फोडताना. का, म्हणून विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी कुणाला बोललो नसतो."

"माहीत आहे."

गाव्रोनं टेबलावरचा लोझाचा पेला उचलला, बघितला, आणि न पिता ठेवला. "कूमचं नातं मोडता येत नाही," तो म्हणाला. "येत असतं तर आज मोडलं असतं. त्या डॉक्टरला फोन लाव. माझ्यासमोर."

हाफ्नरनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "तुमचंही पिस्तूल? स्वतःच्या घरातलं?" आणि पुढे: "पुढच्या आठवड्यात येतो."

आला, घेतलं, पैसे दिले. या खेपेला फाटकाशी कुणाला नेलं नाही, त्यानं स्वतःच पाहिलं. जाताना मिलुतिनच्या फोटोचा एक फोटो काढून नेला, कपाटात पिस्तुलाशेजारी लावायला. मूळ फोटो परत भिंतीवर आला.

यागोशच्या भिंतीवर तेव्हापासून काही नाही. इतरांच्या भिंतींवर आहे, पण तो येतोय असं खिडकीतून दिसलं की लोक आधी पिस्तूल उतरवून पलंगाखाली सरकवतात आणि मग दार उघडतात. नमस्कार करतात, बसा म्हणतात. मान वर करण्यासारखं काहीच नसल्यामुळे त्याला काय बोलावं कळत नाही, आणि तो लवकर उठतो. पारखायला कुणी बोलावत नाही. बाहेरगावचे बोलावतात, त्यांना तो तब्येतीचं कारण देतो.

न्हाणीघर मात्र बांधलं गेलं, खाली, जिन्याशेजारी. यागोशला कुणी ये म्हटलं नव्हतं. तो पहिल्या दिवशी फरशांच्या गठ्ठ्यापाशी जाऊन उभा राहिला आणि गाव्रोनं त्याला हाकललं नाही, एवढंच. नंतर रोज जात राहिला. फरशा वाहिल्या, पाइप धरले, दाराच्या बिजागऱ्या त्यानंच बसवल्या; त्या कामात त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाव्रो त्याच्याशी कामापुरतं बोलायचा: धर, सोड, इकडे घे.

ज्या दिवशी पाणी जोडलं, त्या दिवशी स्तानिया काठी टेकत आली, खुर्ची मागवून दारातच बसली आणि सगळं नजरेनं पारखून घेतलं. टब, नळ, आरसा, फरशांमधले सांधे.

"ही फरशी वाकडी आहे," ती म्हणाली.

"ती मी बसवली," यागोश म्हणाला.

"माहीत आहे मला. म्हणून तर बघितलं."

गाव्रो बाहेर सिमेंटचं घमेलं धुवायला गेला होता. यागोशनं हात पँटला पुसले.

"स्तानिया, तू तरी मला माफ केलंस का?"

तिनं काठीनं नळाकडे खूण केली. "आधी गरम पाणी येतंय का ते बघ."

यागोशनं नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभा राहिला. पाणी अजून गार होतं.